फायरवॉलचा स्टेनलेस पत्रा: नऊ भोकांत पाच बिट गेले

धंतोलीकर (११ एप्रिल, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी. घरामागच्या शेडमध्ये गेली चार वर्षं मी दोन आसनी ॲल्युमिनियमचं विमान बांधतो आहे, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. शेपटी झाली, पंख झाले, सांगाडा पायावर उभा आहे. आता फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि आपले पाय यांच्या मधली भिंत. नकाशात ती स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्याची आहे.

ॲल्युमिनियमला चार वर्षांत हजारो भोकं पाडली, हात बसला होता. त्याच हाताने काल स्टेनलेसवर बिट ठेवला. नेहमीचा ३.३ मिमीचा एचएसएस, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचा बिट, विजेवरचं हँड ड्रिल, खाली भोकाची जागा ठरवायला जोरात मारलेला सेंटर पंच. पहिल्या क्षणी बिट थोडा चावला, त्याने चण्याच्या डाळीएवढा चकचकीत खळगा केला आणि मग नुसता फिरत राहिला. किंचाळायला लागला. उचलून पाहिला तर टोक निळं आणि कडा गोल. नवा बिट त्याच खळग्यात ठेवला, तोही दहा सेकंदांत गेला. रात्रीपर्यंत नऊ भोकं झाली आणि पाच बिट कचऱ्यात गेले. नऊपैकी तीन भोकं गोल नाहीत, तिकोनी आहेत. शेवटच्या भोकाला बिट आरपार जाताना अडकला, पत्रा हातातून सुटून गरकन फिरला आणि डाव्या तळहाताला चार टाके पडले.

कात्रीने कापलेली कडाही लाटेसारखी वर-खाली झाली आहे. अजून साडेतीनशेवर भोकं बाकी आहेत, शिवाय केबल आणि हीटरच्या नळीसाठी मोठी भोकं. कसं करावं? मला हे काम बाहेर द्यायचं नाही. या विमानात मी स्वतः बसणार आहे.

टाकीवाला (११ एप्रिल, रात्री ११.०५)

भाऊ, आधी हात सांभाळा. पत्रा हातात धरून ड्रिल कधीच नाही, खाली लाकूड आणि वर दोन क्लॅम्प पाहिजेच. आणि ड्रिल चालवताना हातमोजे काढून ठेवायचे, मोजा बिटात गुंडाळला तर बोट घेऊन जातो.

मी हिंगणा एमआयडीसीत दुधाच्या टाक्या बनवतो, बावीस वर्षं स्टेनलेसच. तुमचं वाचून एका वाक्यात सांगतो. तुम्ही पत्रा घासून राहिले, कापून नाही राहिले. स्टेनलेस घासला की जागच्या जागी कडक होतो. मग त्याच्यावर नवा बिट ठेवा की सोन्याचा ठेवा, जाणार नाही.

स्पीड अर्ध्याहून कमी करा आणि दाब दुप्पट करा. पहिल्या क्षणापासून बिट चावला पाहिजे, आणि चावला की थांबायचं नाही. बघायला म्हणून उचलायचा नाही. मध्ये थांबला आणि बिट जागेवर फिरत राहिला, की तिथंच पत्रा काचेसारखा गुळगुळीत आणि कडक होतो, आम्ही त्याला काच म्हणतो. बरोबर चालला आहे हे किसावरून कळतं. बिटाच्या दोन्ही खाचांतून सलग, गुंडाळलेला किस वर आला म्हणजे कापून राहिला. भुकटी पडली किंवा शिट्टी वाजली म्हणजे घासून राहिला, ताबडतोब सोडा.

बिट कोबाल्टचा घ्या, एम-३५ लिहिलेला. त्यात ५ टक्के कोबाल्ट असतो, गरम झाला तरी धार टिकते. टोकाचा कोन १३५ अंशांचा आणि टोक चिरलेलं असलं पाहिजे. साधा बिट ११८ अंशांचा असतो आणि त्याच्या मधोमध जी आडवी कड असते ती कापत नाही, नुसती दाबते. चिरलेल्या टोकाचा बिट जागेवर बसतो, भटकत नाही. म्हणून सेंटर पंच हलका मारायचा, नुसता ठिपका. तुम्ही जोरात मारला ना, तिथंच पत्रा कडक होऊन बसला.

तेल विसरू नका. कटिंग ऑइलचा एक थेंब प्रत्येक भोकाला.

एएमई_सोनेगाव (१२ एप्रिल, सकाळी ६.५०)

टाकीवाले भाऊंनी कामाचं सगळं सांगितलं, मी त्यामागचं कारण सांगतो. ३०४ या नेहमीच्या जातीच्या स्टेनलेसमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे त्याची जी रचना टिकून असते, ती दाब आणि घर्षण बसलं की त्या जागी बदलते आणि कडक होते. दुसरी गोष्ट उष्णतेची. ॲल्युमिनियमच्या आपल्या मिश्रधातूंत उष्णता क्षणात पसरते. स्टेनलेस तिच्या साधारण दहावा भागच वाहून नेतो. म्हणजे तयार झालेली सगळी उष्णता बिटाच्या टोकापाशीच साचते. तुमचं टोक निळं पडलं ते यामुळे.

आता हिशेब. ३.३ मिमीचा बिट २८०० फेऱ्यांवर फिरवला की त्याची कड मिनिटाला २९ मीटर धावते. ३०४ मध्ये एचएसएस किंवा कोबाल्ट बिटाने मिनिटाला १२ मीटरच्या आसपास राहावं, म्हणजे फेऱ्या ११५० च्या जवळ. तुम्ही जवळजवळ अडीचपट वेगाने चालवत होता. बॅटरीचं दोन गिअरचं ड्रिल असेल तर दुसऱ्या गिअरवर ट्रिगर अर्धाच दाबा.

पण धंतोलीकर, त्याआधी मला एक सांगा. पत्र्याची जाडी तुम्ही स्वतः मोजली आहे का? बिलावरची नको, मायक्रोमीटरची सांगा.

धंतोलीकर (१२ एप्रिल, रात्री ९.३०)

दोघांचेही मनापासून आभार. आज हाताला विश्रांती दिली, पण मायक्रोमीटर लावला. चार कोपरे आणि मध्य धरून पाच जागी मोजलं. सगळीकडे ०.३६ मिमी आहे. दुकानदाराने २८ गेज (जाडीचा नंबर) म्हणून दिला होता, बिलावर "एसएस शीट २८" एवढंच आहे. चुंबक चिकटत नाही, म्हणून ३०४ आहे असं त्यानं सांगितलं.

एएमई_सोनेगाव (१२ एप्रिल, रात्री १०.१०)

मला हीच शंका होती. तो पत्रा बाजूला ठेवा.

अमेरिकेच्या विमान नियमावलीत, एफएआर भाग २३ मध्ये, फायरवॉलचा जुना नियम होता, २३.११९१. कुठला पत्रा वेगळी चाचणी न घेता चालेल, याची यादी त्यात दिली होती. स्टेनलेस असेल तर किमान ०.०१५ इंच, टायटॅनियम ०.०१६, गंजरोधक लेप दिलेलं साधं स्टील ०.०१८. चाचणी म्हणजे २००० अंश फॅरनहाइटच्या, साधारण १०९३ सेल्सिअसच्या ज्वाळेसमोर १५ मिनिटं तग धरणं. घरी बांधलेल्या विमानाला तो नियम बंधनकारक नव्हता, तरी नकाशे करणारे तोच आकडा धरून चालत आले आहेत.

०.०१५ इंच म्हणजे ०.३८१ मिमी. आपल्याकडे चालणारा ब्रिटिश २८ गेज मुळातच ०.३७६, अमेरिकी स्टेनलेसचा २८ गेज ०.३९७. एकच "२८", पण एक रेषेच्या खाली आणि दुसरा वर. तुमचा तर ०.३६ भरला. पंधरा मिनिटं म्हणजे इंजिन बंद करून शेतात उतरायला मिळणारा वेळ आहे. ॲल्युमिनियम त्या ज्वाळेत काही क्षणांत वितळतं. तिथे मी शंभरावा भागही कमी घेणार नाही. ०.५ मिमीचा पत्रा घ्या. चौरस मीटरला चार किलो बसतो, तुमच्या फायरवॉलला फार तर अर्धा-पाऊण किलो वजन वाढेल.

इतवारीची_लेक (१३ एप्रिल, दुपारी १.२०)

धंतोलीकर काका, माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. नागपूरच्या लोखंड बाजारातून, लोहा ओळीतून, पत्रा यायचा तेव्हा मी वजनकाट्यावर बसायचे, म्हणून राहवलं नाही.

चुंबक न चिकटणं ही ३०४ ची खूण नाही. २०० मालिकेतल्या २०२ किंवा जे-४ पत्र्यालाही चुंबक चिकटत नाही. त्यांत महागडं निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घातलेलं असतं. ३०४ मध्ये निकेल किमान ८ टक्के आणि मँगनीज २ टक्क्यांच्या आत. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ आणि मँगनीज साडेसात ते दहा. दिसायला दोन्ही सारखेच, डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही. उलट खऱ्या ३०४ च्या वाकवलेल्या कडेला चुंबक किंचित ओढला जातो, कारण तिथे तो कडक झालेला असतो. गिऱ्हाईक तेवढ्यावरून भांडायला यायचं आणि बाबा त्याला समजावत बसायचे.

२०० मालिकेचा पत्रा ३०४ पेक्षाही जास्त कडक होतो. पाच बिट जाण्यात त्याचाही हात असू शकतो.

पत्रा घेताना "गेज" हा शब्दच वापरू नका. मिलीमीटर सांगा, "३०४, टू-बी फिनिश (म्हणजे साधा गुळगुळीत पृष्ठभाग), ०.५" म्हणा आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या घाण्याचा नंबर, पत्र्यावरच्या छापाशी जुळवून बघा. कापलेला तुकडा घेतला तर छाप दुसऱ्याच तुकड्यावर राहतो, म्हणून छाप असलेला भाग मागा किंवा त्याचा फोटो काढून घ्या. मोठ्या स्टॉकिस्टकडे पिस्तुलासारखं तपासणी यंत्र असतं. पत्र्यावर टेकवलं की काही सेकंदांत निकेल-मँगनीजचे आकडे येतात.

धंतोलीकर (१९ एप्रिल, रात्री ८.४५)

ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. दुसऱ्या व्यापाऱ्याकडून ०.५ चा पत्रा आणला, सर्टिफिकेटसकट. निकेल ८.०४, मँगनीज १.१. यंत्र जुन्या तुकड्यावरही टेकवून घेतलं, मँगनीज ९ च्या वर निघालं. म्हणजे पत्रा पातळही होता आणि ३०४ ही नव्हता. सर्टिफिकेट आणि हीट नंबरचा फोटो विमानाच्या फाईलला लावला आहे, उद्या तपासणीला कुणी आलं तर दाखवायला.

आज नव्या तुकड्यावर सराव केला. एम-३५ चा बिट, हलका पंच, तेल, खाली सागवानाची फळी, ट्रिगर अर्धा, आणि खांद्याचा भार ड्रिलवर. पहिल्याच भोकाला दोन्ही बाजूंनी किस वर आला. चांदीच्या तारेसारखा, बोटभर लांब. मी थांबून तो किस उचलून बघितला. एका बिटात चाळीस भोकं झाली आणि धार अजून आहे.

नवशिका_अमरावती (१९ एप्रिल, रात्री ९.३०)

काका, वाचून अंगावर काटा आला. मी शेवटच्या वर्षाला आहे. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीला घराच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात होतं, त्याचे फोटो शाळेत असताना पाहिले, तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

कापण्याचं कुणीच सांगितलं नाही. चार इंची ग्राइंडरने कापलं तर चालतं का?

टाकीवाला (१९ एप्रिल, रात्री १०.२०)

चालतं, पण ते माझं शेवटचं हत्यार. एक मिमी जाडीचं, स्टेनलेससाठीचं कटिंग व्हील लागतं. साध्या लोखंडाला वापरलेलं व्हील लावू नको, त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि पावसाळ्यात तांबूस ठिपके उठतात. कानस आणि ताराचा ब्रशही वेगळा ठेव, त्यावर "एसएस" लिहून ठेव. ग्राइंडरने कड तापून निळी-जांभळी होते आणि ०.५ चा पत्रा वाकडा होतो. व्हीलच्या ठिणग्या बाजूच्या ॲल्युमिनियमवर किंवा कॉकपिटच्या काचेवर गेल्या तर तिथंही खड्डे.

सरळ कापायचं असेल तर शिअरिंग मशीनवर दे. दहा मिनिटांचं काम आहे आणि कड पट्टीसारखी येते. वळणाला एव्हिएशन कात्री: लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. या कात्र्या स्टेनलेसमध्ये २२ गेजपर्यंत झेपतात, तुमचा पत्रा त्याहून पातळ आहे.

धंतोलीकर भाऊंची कड लाटेसारखी का झाली? एकतर त्यांनी कात्री टोकापर्यंत मिटली. टोकापर्यंत मिटली की प्रत्येक घासाला एक दात उमटतो. जबडा पाऊण मिटायचा आणि पुढं सरकवायचा. दुसरं म्हणजे रेषेवरच कापलं. आधी दोन बोटं बाहेरून मोठा कचरा काढायचा, मग रेषेच्या एक मिमी बाहेरून बारीक पट्टी कापायची. पातळ पट्टी कात्रीवर गुंडाळून वर जाते आणि कामाचा पत्रा सपाट राहतो. उरलेला एक मिमी कानशीने. कात्रीच्या वेळी मात्र हातमोजे घालायचेच, ही कड पात्यासारखी असते.

बाहेरचा आकार आणि मोठी भोकं लेझरवर कापून घेतली तर सगळ्यात बरं. कापताना नायट्रोजन वापरा म्हणून सांगायचं, ऑक्सिजनवर कड काळी येते.

विस्कॉन्सिनचा_वाटसरू (२० एप्रिल, सकाळी ७.१५)

लेझरबद्दल एक सावधगिरी. मी इथे ज्या किटवर काम केलं त्यात सगळी भोकं कारखान्यातून पाडूनच आली होती आणि एकमेकांवर बसली. पण धंतोलीकर नकाशावरून बांधत आहेत. त्यांच्या सांगाड्याची कोनपट्टी कुठे अर्धा मिमी सरकली आहे हे लेझरला माहीत नसतं. तेव्हा बाहेरचा आकार लेझरवर, पण रिव्हेटची भोकं जागेवरच, सांगाड्यावर पत्रा क्लेकोने, म्हणजे भोकात बसणाऱ्या स्प्रिंगच्या तात्पुरत्या पिनांनी, धरून.

आणि त्यात क्रम महत्त्वाचा. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र धरून पाडताना ड्रिल नेहमी स्टेनलेसच्या बाजूने घाला. उलट केलंत तर खालच्या स्टीलचा कडक किस ॲल्युमिनियमच्या भोकातून वर येतो आणि ते भोक खरवडून मोठं करतो. मी एका कोपऱ्यात हे केलं आणि सहा भोकांना पुढच्या मापाचे रिव्हेट घालावे लागले. सगळी भोकं झाली की पत्रा काढा, बर (भोकाच्या कडेला उरलेली धार) साफ करा, दोन पत्र्यांमध्ये अडकलेला किस पुसा, प्रायमर लावा आणि मगच पुन्हा बसवा. ओलाव्यात स्टेनलेसला चिकटलेलं ॲल्युमिनियम पोखरलं जातं, मधे प्रायमरचा थर हवाच.

धंतोलीकर (२७ एप्रिल, दुपारी १२.३०)

एक अडचण आली आणि सुटली, ती लिहून ठेवतो. शेडवर टिनाचं छत आहे. गुरुवारी दुपारी बाहेर पारा ४४ वर होता, आत त्याहून जास्त. सकाळी सहाला खुणा केलेला पत्रा दुपारी सांगाड्यावर धरला तर एका टोकाची भोकं थोडी चुकत होती. मला वाटलं माझंच मोजमाप चुकलं. मग हिशेब केला. स्टेनलेस एका अंशाला मीटरमागे १७ मायक्रॉन वाढतो, ॲल्युमिनियम २३. सकाळ-दुपारचा २५ अंशांचा फरक धरला तर एका मीटरवर दोघांत ०.१५ मिमीचा फरक पडतो. त्यात पत्रा दारातल्या उन्हात होता आणि सांगाडा सावलीत. आता दोन्ही रात्रभर एकत्र ठेवतो आणि काम पहाटे साडेपाच ते साडेनऊ एवढंच करतो. खुणा आणि भोकं एकाच बैठकीत.

मोठ्या भोकांना काय करू? ३८ मिमीचं एक आहे आणि २० ची दोन.

टाकीवाला (२७ एप्रिल, दुपारी ३.१०)

२० ची स्टेप ड्रिलने, म्हणजे पायऱ्यांच्या शंकूसारख्या बिटाने करा, एक नंबर गिअरवर, २०० फेऱ्यांच्या आत. प्रत्येक पायरीला तेल आणि पूर्ण दाब. पायरीवर थांबून फिरवत बसलात की तीच गोष्ट, काच.

३८ ला स्टेप ड्रिल नको. इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्यांकडे नॉकआउट पंच असतो. मध्ये भोक पाडायचं, बोल्ट घालायचा, दोन्ही बाजूंनी पंच आणि डाय लावायचं आणि पान्ह्याने आवळायचं. पत्रा फिरत नाही, तापत नाही, भोक एकदम गोल. तुमच्याकडे नसेल तर माझ्या शेजारच्या गाळ्यात आहे, घेऊन जा.

धंतोलीकर (४ मे, रात्री ९.००)

टाकीवाले भाऊंकडून पंच आणला. शेवटचा अर्धा फेरा आवळताना "टक्" असा आवाज आला आणि ३८ ची चकती बोल्टवर लोंबत राहिली. कड बोटाने फिरवून बघितली, नखही अडकलं नाही.

एकूण ३६४ भोकं झाली. सात बिट लागले, त्यातला एक माझ्या हातून पडून तुटला. दोन भोकांत बिट घासला आणि कड चकाकली. तिथे पत्रा काढून, उलटा करून, नव्या बिटाने मागच्या बाजूने पाडलं, तेव्हा गेलं. आता रिव्हेट. फायरवॉलमधून आरपार जाणाऱ्या जागी ॲल्युमिनियमचे घालू की मोनेलचे, म्हणजे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे?

एएमई_सोनेगाव (४ मे, रात्री ९.४०)

मोनेलचे. आगीत ॲल्युमिनियमचा रिव्हेट वितळला की तिथे भोक उघडं पडतं आणि ज्वाळा त्यातूनच आत येते. तारा आणि केबल जातात तिथलं फिटिंगही स्टीलचं, आणि भोवती आगीला टिकणारं सीलंट. फक्त एक लक्षात ठेवा. मोनेल ओढायला जोर लागतो, साध्या पॉप रिव्हेट गनने मनगट जाईल. लांब मुठीची किंवा हवेवरची गन घ्या.

आणि पंचाने पाडलेल्या ३८ च्या कडेचा जवळून फोटो टाका. मला बघायचा आहे.

नवशिका_अमरावती (४ मे, रात्री १०.०५)

काका, मी प्रत्यक्ष बघायला आलो तर चालेल का? मदत करीन.

धंतोलीकर (४ मे, रात्री १०.२०)

ये रे बाबा, जरूर ये. रविवारी पहाटे साडेपाचला शेड उघडतो, साडेनऊनंतर आत हात लावता येत नाही. शनिवारी रात्रीच आलास तर मुक्कामाला जागा आहे. येताना डोळ्यांचा गॉगल आण, माझ्याकडे एकच आहे. रिव्हेट तूच ओढ, माझा डावा हात अजून तेवढा आवळत नाही.